चिनी भाषकांना इंग्रजीतला 'ओपन' शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी मातृभाषा असलेल्यांना इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक, सिंगापूर-तैवानकडे स्थायिक झालेले पालक आणि चिनी सहकाऱ्यांबरोबर रोज कॉलवर बसणारे इंजिनिअर यांच्याकडून 'ओपन' या एका शब्दाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. चिनी उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिलेत, सूर मात्र दाखवलेले नाहीत. 'चिनी' असं नुसतं लिहिलंय तिथे मँडरिन समजावी. कँटोनीज आणि होक्कियन या दुसऱ्या चिनी बोलींसाठी प्रश्न १४ आहे.

१. 'ओपन' हा तर पहिल्या धड्यातला शब्द. त्यात शिकवण्यासारखं काय आहे?

पहिल्या धड्यातला आहे म्हणूनच घोळ होतो. त्या धड्यात दाराचं चित्र असतं, खाली 'ओपन' आणि शेजारी चिनी 'खाय'. ही जोडी डोक्यात एकदा बसली की शिकणारा पुढे जिथे जिथे चिनीत 'खाय' येतं तिथे तिथे इंग्रजीत 'ओपन' ठेवत जातो. 'ओपन द लाइट', 'ओपन द कार', 'ओपन अ मीटिंग'. शब्द सोपा असल्यामुळे तो तपासून पाहावा असं त्याला वाटतच नाही. पाच-सहा वर्षं इंग्रजी शिकलेले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले लोकही एसी 'ओपन' करायला सांगतात.

२. 'खाय' म्हणजे नेमकं काय काय?

यादी लांब आहे, पण ती एकदा नजरेखालून घालाच. निम्म्या चुकांचा उगम तिथेच सापडेल.

दार उघडणं म्हणजे 'खाय मन'. दिवा लावणं 'खाय तंग', त्यातला शेवटचा ग जवळजवळ गिळायचा. गाडी चालवणं 'खाय छ', सभा घेणं 'खाय ह्वेय'. डॉक्टर औषध लिहून देतो ते 'खाय याव'. दुकानदार पावती फाडतो तिथेही क्रियापद 'खाय'च. फूल उमलतं, शाळा सुट्टीनंतर सुरू होते, जेवणाची पानं घेतली जातात, कोणी कोणाची थट्टा करतं, या सगळ्याला 'खाय'. पाण्याला उकळी आली की पाणी 'खाय' झालं, आणि उकळलेलं पाणी म्हणजे 'खाय-श्वेय'. चीनमधल्या रेल्वेगाड्यांत आणि स्टेशनांवर गरम पाण्याच्या यंत्रावर हीच अक्षरं लिहिलेली दिसतात. मन मोकळं झालं, म्हणजे माणूस खूश झाला, की 'खाय-शिन'.

आता इंग्रजीकडे पाहा. टर्न ऑन, ड्राइव्ह, होल्ड, प्रिस्क्राइब, इश्यू, ब्लूम, स्टार्ट, बॉइल. एका 'खाय'ला आठ वेगळी क्रियापदं झाली, आणि यात 'ओपन' कुठेच नाही.

३. म्हणजे इंग्रजीच विचित्र आहे का? चिनीतलं सोपं वाटतं.

चिनी विद्यार्थी हे हमखास म्हणतात. अशा वेळी मराठी शिक्षकाच्या हातात एक आयतं उदाहरण असतं, ते वापरा. आपणही दार उघडतो, दिवा लावतो, नळ सोडतो, गाडी चालवतो, सभा घेतो, पावती फाडतो. 'दिवा उघड' असं मराठीत म्हटलं तर दिव्याची काच काढायची की काय, असा प्रश्न पडेल. या बाबतीत इंग्रजी चिनीपेक्षा मराठीसारखी वागते, वस्तू बदलली की क्रियापद बदलतं.

म्हणून माझा आग्रह असा की 'ओपन'चे अर्थ शिकवू नका, वस्तू शिकवा. 'ओपनचे बारा अर्थ' असा तक्ता विद्यार्थी पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. त्याऐवजी लाइट, टॅप, कार, मीटिंग, बिल ही नामं घ्या आणि प्रत्येकाबरोबर कोणतं क्रियापद राहतं ते जोडीनेच तोंडात बसवा. 'लाइट' हा शब्द एकटा शिकवायचाच नाही; 'टर्न ऑन द लाइट' असा अख्खा शिकवायचा.

४. 'ओपन द लाइट' ही चूक मानायची, की वेगळ्या ठिकाणची इंग्रजी?

कुठे बोलताय त्यावर. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, फिलिपिन्स इथल्या घरगुती इंग्रजीत हे सर्रास ऐकू येतं. मलयमध्ये आणि फिलिपिन्सच्या भाषेतही दिवा 'उघडतात', त्यामुळे तिथे एकट्या चिनीला दोष देता येत नाही. तुर्की आणि ग्रीक लोकही दिवा 'उघडतात', कॅनडातले फ्रेंच भाषकसुद्धा. जगाच्या मानाने पाहिलं तर 'ओपन द लाइट' म्हणणारे काही थोडेथोडके नाहीत.

सिंगापूर सरकारने २००० साली 'स्पीक गुड इंग्लिश' नावाची मोहीम सुरू केली, आणि तेव्हापासून तिथे यावर वाद चालू आहेत. माझं मत विचाराल तर परीक्षा, मुलाखत, ईमेल इथे हे चूकच धरा आणि लाल शाई वापरा. पण मूल शेजारच्या मुलांबरोबर खेळताना तसं बोललं तर मध्ये तोंड घालू नका. घरी एक, शाळेत एक अशी दोन वळणं मुलं बिनबोभाट सांभाळतात. आपल्याकडची मुलं नागपुरी आणि पुस्तकी मराठी सांभाळतातच की.

५. आम्ही मराठी माणसंही 'क्लोज द फॅन' म्हणतो. मग आम्ही त्यांना काय शिकवणार?

बरोबर पकडलंत. उघडण्याच्या बाजूला मराठीत वेगवेगळी क्रियापदं आहेत, पण मिटवण्याच्या बाजूला आपण सगळं 'बंद' करतो. दार बंद, पंखा बंद, नळ बंद, दुकान बंद, तोंडसुद्धा बंद. चिनीतही तसंच, दार आणि दिवा दोन्हींना 'क्वान'. त्यामुळे 'क्लोज द लाइट' ही चूक मराठी आणि चिनी दोघांचीही आहे, आणि इथे शिक्षकाने आधी स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकावं.

शिवाय आपल्याकडे 'लावणे' आहे, त्याची तर गंमतच. 'दार लाव' म्हटलं की दार बंद होतं आणि 'दिवा लाव' म्हटलं की दिवा चालू होतो. एकाच क्रियापदाने एकीकडे मिटतं, दुसरीकडे पेटतं. हे चिनी विद्यार्थ्यांना सांगून पाहा, वर्ग जागा होतो. आपल्या भाषेला हसणाऱ्या शिक्षकापुढे स्वतःची चूक कबूल करायला त्यांना फारसं जड जात नाही.

६. मग दिवा, पंखा, टीव्ही, नळ यांच्यासाठी नेमकं काय सांगू? 'टर्न ऑन' आणि 'स्विच ऑन' यात फरक आहे का?

विजेवर चालणाऱ्या वस्तूंना दोन्ही चालतं. नळाला आणि गॅसला मात्र 'टर्न ऑन'च. नळाला स्विच नसतो, चावी फिरवावी लागते, आणि 'टर्न' हा शब्द तिथे शब्दशः खरा आहे. 'ओपन द टॅप' पूर्ण चूक नाही, प्लंबर आणि कारखान्यातली माणसं म्हणतात; पण घरात 'टर्न ऑन'. व्हॉल्व्ह मात्र 'ओपन' आणि 'क्लोज'च होतो.

एक बारीक खोच. 'टर्न द लाइट ऑन' आणि 'टर्न ऑन द लाइट' दोन्ही बरोबर; पण 'द लाइट'च्या जागी 'इट' आलं की फक्त 'टर्न इट ऑन'. 'टर्न ऑन इट' म्हणायचं नाही. चिनी विद्यार्थी हे शेवटपर्यंत चुकतात, त्यामुळे सराव करून घेताना 'इट' घालूनच घ्या.

भारतातलं आणि सिंगापूरमधलं 'ऑफ द लाइट', 'ऑन द फॅन' हे प्रश्न ४ मधल्याच खात्यात जमा करा.

७. कॉम्प्युटर, मोबाइल, ॲप, फाइल यांना 'ओपन' चालतं ना?

ॲप, फाइल, ईमेल, वेबसाइट यांना अगदी चालतं, आणि चिनीतही तिथे 'ता-खाय' म्हणतात, तेव्हा इथे काही त्रास नाही.

'ओपन द कॉम्प्युटर' सांभाळून. ते ऐकून इंग्रजी भाषकाच्या डोळ्यांसमोर स्क्रू-ड्रायव्हर येतो. 'ओपन द लॅपटॉप' म्हणजे झाकण वर करणं. तो चालू आहे की नाही याचा पत्ता त्या वाक्यात नाही. 'ओपन द फोन'चं तर दर दहा वर्षांनी वेगळं होतं: घडीचा फोन होता तेव्हा बरोबर, मधल्या काळात चूक, आता घडीचे स्क्रीन पुन्हा आलेत तर पुन्हा बरोबर. कुलूप काढायचं असेल तर 'अनलॉक', चालू करायचा असेल तर 'टर्न ऑन'.

८. 'द शॉप इज ओपन', 'इज ओपन्ड', 'इज ओपनिंग' : तिन्ही ऐकतो. बरोबर कोणतं?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, तेव्हा जरा सावकाश घेऊ.

दुकान आत्ता उघडं आहे, आत जाता येईल: 'द शॉप इज ओपन'. इथे 'ओपन' हे विशेषण आहे, क्रियापद नाही. मराठीत 'उघडं आहे' आणि 'उघडतं' यात जो फरक तोच. रोज नऊला उघडतं: 'इट ओपन्स ॲट नाइन'. आज नऊला उघडलं: 'इट ओपन्ड ॲट नाइन'. सोमवारी नवी शाखा उघडणार आहे: 'द न्यू ब्रँच इज ओपनिंग ऑन मंडे'. कोणी उघडलं ते सांगायचं असेल तर 'द गेट वॉज ओपन्ड बाय द वॉचमन'.

चिनी विद्यार्थी 'द डोअर इज ओपनिंग' म्हणतो तेव्हा त्याला 'दार उघडं आहे' असंच म्हणायचं असतं. कारण चिनीत टिकून राहिलेली स्थिती दाखवायला क्रियापदाला 'च' लावतात. 'मन खाय-च' म्हणजे दार उघडं आहे. मराठी कानाला 'च' ऐकून भलताच ठामपणा वाटेल, पण इथे तो नुसता 'उघडं राहिलेलं' असा अर्थ देतो. शाळेत त्याला कधीतरी 'च म्हणजे आयएनजी' असं सांगितलेलं असतं, आणि म्हणून दार कायम उघडतच राहतं.

'इज ओपन्ड' येतं ते 'इज क्लोज्ड'कडे पाहून. 'क्लोज्ड'ला शेपूट आहे, मग 'ओपन'लाही असणार, असा हिशोब. इंग्रजीने इथे जोडी विषम ठेवली आहे: ओपन आणि क्लोज्ड. दुकानाच्या दारावरची पाटी आठवा, एका बाजूला 'ओपन', उलटली की 'क्लोज्ड'. विद्यार्थ्याला त्या पाटीचा फोटो फोनमध्ये ठेवायला सांगा, व्याकरणाच्या नियमापेक्षा तो जास्त कामी येतो.

आणखी एक चूक वरच्या वर्गातही सापडते: 'द शॉप हॅज ओपन्ड फॉर टेन इयर्स'. उघडणं ही क्षणाची गोष्ट आहे, ती दहा वर्षं चालत नाही. 'हॅज बीन ओपन फॉर टेन इयर्स' म्हणायचं. चिनीत मात्र दोन्हींसाठी एकच वाक्य पुरतं, म्हणून ही चूक चिवट आहे.

९. पण दुधाच्या खोक्यावर 'वन्स ओपन्ड' लिहिलेलं असतं. तिथे शेपूट कसं?

तिथे सील तुटलं आहे की नाही हा प्रश्न असतो. 'ओपन बॉटल' म्हणजे आत्ता झाकण नसलेली बाटली; 'ओपन्ड बॉटल' म्हणजे जिचं सील आधी कधीतरी फोडलं आहे, मग आता झाकण घट्ट का लावलेलं असेना. 'ॲन ओपन लेटर' म्हणजे जाहीर पत्र, 'ॲन ओपन्ड लेटर' म्हणजे कोणीतरी फोडलेलं पाकीट. दुसऱ्या प्रकारात शेजारणीवर संशय घ्यायला जागा आहे.

१०. 'क्लोज' आणि 'क्लोज्ड' इतकं का अडतं?

कारण 'क्लोज' दोन आहेत. बंद करणे या अर्थाचं क्रियापद शेवटी 'झ'ने संपतं, क्लोझ. जवळचा या अर्थाचं विशेषण 'स'ने, क्लोस. आपण मराठीत दोन्ही 'क्लोज'च म्हणतो, तेव्हा हा भेद आधी स्वतः शिकावा लागतो. 'द बँक इज क्लोस' म्हणजे बँक जवळ आहे. चिनी विद्यार्थी 'बंद आहे' म्हणायला जातो आणि ऐकणारा चालत बँकेपर्यंत जाऊन येतो.

दुकान रोजच्यासारखं बंद झालं तर 'क्लोज्ड', कायमचं बसलं तर 'क्लोज्ड डाउन'. चिनीत 'क्वान-मन', म्हणजे दार मिटलं, हे दोन्हींना चालतं, संदर्भावरून ओळखायचं. आपल्याकडे जुने दुकानदार रात्री दुकान 'बंद केलं' म्हणायलासुद्धा कचरत, दुकान 'वाढवलं' म्हणत, ते बहुधा याच भीतीने.

११. माझा विद्यार्थी लिहितो, 'मी दहा मिनिटं दार उघडलं पण ते उघडलं नाही'. हे काय आहे?

हे वाक्य चिनीत बरोबर आहे. तिथे पुष्कळ क्रियापदं फक्त कृती सांगतात, कृती फळाला आली की नाही हे वेगळ्या शब्दाने जोडतात. 'ता-खाय' म्हणजे हात लावून उघडलं, आणि मधे नकार घालून 'ता-पु-खाय' केलं की 'उघडायला गेलो पण उघडेना'. इंग्रजी 'ओपन्ड'मध्ये फळ आधीच आलेलं असतं, ते मागाहून काढून घेता येत नाही. म्हणून 'आय ट्राइड टु ओपन इट' किंवा 'इट वुडन्ट ओपन'.

दुसरं वाक्य आवर्जून शिकवा. 'वुडन्ट'मधला तो हट्ट म्हणजे आपलं 'उघडेना'. मराठी शिक्षकाला तो लगेच कळतो, आणि चिनी विद्यार्थ्यालाही त्याचा 'ता-पु-खाय' सापडल्याचा आनंद होतो.

१२. याच्या उलट होतं का? इंग्रजीत एक 'ओपन' आणि चिनीत अनेक शब्द?

होतं. डोळे, तोंड, छत्री. इंग्रजीत तिन्ही 'ओपन', मराठीत तिन्ही 'उघड'. चिनीत डोळ्यांना 'चंग', तोंडाला 'चांग' आणि छत्रीला 'छंग'. इथे विद्यार्थी चुकत नाहीत, घुटमळतात. इतक्या वेगळ्या कृतींना एकच शब्द कसा, असं वाटून ते दुसरा काही शब्द शोधत बसतात. 'हो, ओपनच' एवढं सांगितलं की काम झालं.

१३. 'ती फार ओपन आहे' असं मी एका मुलीबद्दल म्हटलं आणि चिनी सहकारी गप्प झाले. का?

'ओपन'ला चिनीत नेहमी दिला जाणारा प्रतिशब्द 'खाय-फांग' आहे. देशाबद्दल, बाजारपेठेबद्दल तो अगदी गौरवाचा: १९७८ च्या डिसेंबरपासूनच्या आर्थिक धोरणाचं नावच 'काय-क खाय-फांग', सुधारणा आणि खुलेपणा. पण बाईमाणसाबद्दल वापरला की त्यात शरीरसंबंधांबाबत मोकळी असा वास येतो. तुम्हाला 'मनमोकळी' म्हणायचं होतं, त्यांनी भलतंच ऐकलं. 'फ्रँक' किंवा 'इझी टु टॉक टु' म्हणा.

विचारांबद्दल 'ओपन-माइंडेड' आणि सूचनांबद्दल 'ओपन टु सजेशन्स' यांना धोका नाही. 'ओपन सीक्रेट' तर चिनीत शब्दाला शब्द तसाच आहे, 'ओपन-सोर्स'मध्येही 'खाय' आहे आणि पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेतही.

१४. माझे विद्यार्थी हाँगकाँगचे आहेत. 'खाय' म्हटलं तर त्यांना कळत नाही का?

कळतं, पण ते त्यांचं नाही. कँटोनीजमध्ये तेच अक्षर 'होय' असं वाचतात, आणि मराठी शिक्षकाला पहिले काही तास उगाच सगळे आपल्याशी सहमत असल्याचा भास होतो. होक्कियनमध्ये, म्हणजे तैवान आणि सिंगापूरच्या जुन्या पिढीत, ते 'खुई' होतं.

कँटोनीजची एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. उघडण्याच्या बाजूला तिथेही दाराला आणि दिव्याला एकच 'होय'. पण बंद करताना दाराला 'सान' आणि दिव्याला 'सिक', म्हणजे विझवणं. आपल्या 'दिवा मालव'सारखंच. त्यामुळे 'टर्न ऑफ' त्यांना पटवणं 'टर्न ऑन'पेक्षा सोपं जातं. सुरुवात 'टर्न ऑफ'पासून करा आणि मग उलटे या.

१५. इंग्रजी लिपीत 'के-ए-आय' लिहिलेलं असताना तुम्ही 'खाय' का लिहिता?

कारण उच्चार तोच आहे. चिनीची रोमन लिखाणपद्धत, पिन्यिन, १९५८ मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात 'के' म्हणजे आपला ख, आणि 'जी' म्हणजे आपला क. म्हणूनच प्रश्न १३ मधल्या घोषणेत 'काय' आणि 'खाय' शेजारी शेजारी आले. हा भेद आपल्याला बाराखडीनेच दिला आहे.

पण हाच फायदा शिकवताना अंगलट येतो. आपण 'पेन' म्हणतो तो 'प' हवा न सोडता. चिनी कानाला तो 'बेन' वाटतो, कारण त्यांचा 'प'चा निकष हवेचा झोत हाच आहे. तेव्हा चिनी विद्यार्थ्यांसमोर 'पेन', 'पेपर', 'पार्क' म्हणताना पहिल्या 'प'ला थोडा 'ह' द्या, ओठ घट्ट ठेवून, आपला मराठी 'फ' न करता. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून बघा, ती हलली पाहिजे. 'ओपन'मधला 'प' शब्दाच्या मध्ये आणि आघाताशिवाय येतो, त्याला इतका जोर नको.

त्यांच्या बाजूची अडचण 'ओपन्ड'च्या शेवटी आहे. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी न आणि ङ, फार तर र, एवढीच व्यंजनं येतात. 'न्ड' त्यांच्या तोंडातून 'न' होऊनच बाहेर पडतं, त्यामुळे भूतकाळ ऐकूच येत नाही. पुढचा शब्द स्वराने सुरू होईल असं वाक्य द्या, 'ओपन्ड इट', म्हणजे 'ड' त्या 'इट'ला चिकटून सुटतो.

१६. वर्गात चिनी अक्षर दाखवावं का? मला चिनी वाचता येत नाही.

हे एक अक्षर दाखवा. तैवान-हाँगकाँगच्या पारंपरिक लिपीत 'खाय' म्हणजे दाराची दोन कवाडं, आत आडवा अडसर आणि तो काढणारे दोन हात. चीनमध्ये १९५६ नंतरच्या सोप्या लिपीत कवाडंच काढून टाकली. उरला अडसर आणि हात. मुळात हे दाराचंच अक्षर होतं, दिवा आणि मोटार त्याला पुढे येऊन चिकटल्या, हे विद्यार्थ्याला स्वतःच दिसतं. 'इंग्रजीतला ओपन अजून दारापाशीच आहे' असं म्हणून पुढे जा. याहून जास्त अक्षरं दाखवण्याच्या फंदात पडू नका, ती त्यांना तुमच्यापेक्षा चांगली येतात.

१७. आमच्या प्लँटमध्ये चिनी तंत्रज्ञ येतात. 'ओपन द ब्रेकर' म्हटल्यावर गोंधळ होतो. कोण चुकतंय?

कोणीच नाही, आणि म्हणूनच हे धोक्याचं आहे. ब्रेकर म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. पाण्याचा व्हॉल्व्ह 'ओपन' झाला की पाणी वाहतं. विजेचं सर्किट 'ओपन' झालं की वीज थांबते. दोन्ही वापर इंग्रजीत पक्के आहेत. आपला इलेक्ट्रिशियनही 'वायर कुठेतरी ओपन झालीय' म्हणतो तेव्हा ती तुटली असंच त्याला म्हणायचं असतं.

आता चिनी तंत्रज्ञाच्या डोक्यात काय चालतं पाहा. घरी तो दिवा 'खाय' करतो म्हणजे चालू करतो. स्विचला चिनीत 'खाय-क्वान' म्हणतात, उघड-मीट. ब्रेकरसाठी मात्र तिथले वीजवाले सहसा नुसतं 'खाय' वापरत नाहीत; जोडण्याला 'ह-चा' आणि तोडण्याला 'फन-चा' असे वेगळे शब्द आहेत. त्याने इंग्रजी तांत्रिक शब्द नीट शिकले असतील तर 'ओपन' ऐकून तो ब्रेकर पाडेल, म्हणजे वीज तोडेल. घरगुती इंग्रजीच्या जोरावर आला असेल तर 'ओपन' ऐकून चालू करेल.

तोंडी सूचनेत 'ओपन' आणि 'क्लोज' टाळाच. 'पॉवर ऑफ', 'पॉवर ऑन' म्हणा, समोरच्याकडून तेच शब्द परत म्हणवून घ्या, आणि टेस्टर लावून खात्री झाल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही. कुलूप आणि पाटी लावायची पद्धत असेल तर पाटीवर दोन्ही भाषा हव्यात. इथे भाषेच्या शिक्षकापेक्षा सेफ्टी ऑफिसरचं ऐका.

१८. सहकाऱ्याने विचारलं, 'ओपन कॅटेगरी' म्हणजे काय. कसं समजावू?

'ओपन'च्या कोणत्याही चिनी अर्थाने हे समजावता येत नाही, प्रयत्न करू नका. आधी आरक्षण म्हणजे काय ते सांगा, मग राखीव नसलेल्या जागांना खुला प्रवर्ग म्हणतात ते सांगा. कागदोपत्री त्या जागा कोणत्याही उमेदवाराला गुणांवर मिळू शकतात. बोलण्यात मात्र 'तो ओपनचा आहे' म्हणजे ज्याला आरक्षण नाही असा माणूस. हा दुसरा वापर भारताबाहेरच्या इंग्रजी भाषकालाही कळणार नाही.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठाच्या इंग्रजी नावातला 'ओपन' मात्र त्याला झटकन कळेल. आपण त्याला 'मुक्त' म्हणतो, चिनीत तशा विद्यापीठांना 'खाय-फांग' म्हणतात, आणि इथे प्रश्न १३ मधला वास अजिबात येत नाही.

१९. 'ओपन युवर बुक्स टु पेज टेन' की 'ॲट पेज टेन'?

अमेरिकेत 'टु', ब्रिटनमध्ये 'ॲट'. विद्यार्थी ज्या परीक्षेला बसणार असेल तिच्याप्रमाणे एक धरा. चिनीत इथे पान 'उलटून' उघडतात, त्यामुळे काही जण 'टर्न टु पेज टेन' म्हणतील. तेही बरोबर आहे, कापू नका.